कागद येईल

सोनकुसरे मिस्त्रींनी सांगितलेलं एक वाक्य मी कागदावर लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं, नीट टाइप केलं, खाली त्यांची सही घेतली आणि कागद पोचता केला. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "ते लिवलं नं?" मी म्हणालो होतो, "लिहिलं." मिस्त्रींविषयी काहीही सांगण्याआधी हे सांगणं भाग आहे. नाहीतर पुढचं सगळं वाचताना मी त्यांचा कुणी भला शेजारी होतो असं वाटेल.

गणपतराव सोनकुसरे आमच्या गल्लीत, गोळीबार चौकाच्या मागच्या बाजूला राहत. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. त्यांचे वडील हातमागावर बसत आणि धोट्याच्या आवाजावरून सूत कुठे तुटणार ते आधी सांगत, असं मिस्त्री अभिमानानं सांगायचे. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. नागपूरच्या एका कापड गिरणीत फिटर म्हणून लागले आणि तीस वर्षांनी मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. बारीक अंगकाठी, डोक्यावर टोपी, आणि मान कायम डावीकडे थोडी कललेली. कुणीतरी खांद्यामागून कुजबुजतंय आणि ते ऐकताहेत, असं त्यांच्याकडे पाहून वाटायचं.

त्यांच्याजवळ दोन हात लांबीचा एक शिसवी दांडा होता. त्याचं एक टोक यंत्रावर टेकवायचं आणि दुसरं कानाशी धरायचं, ही रीत पुष्कळ मिस्त्रींची असते. सोनकुसरे दुसरं टोक दातांत धरत. वर्षानुवर्षं धरून त्या टोकाला खाचा पडल्या होत्या. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मागाच्या खात्यात कान काय कामाचे मास्तर? तिथं देव बोलला तरी ऐकू येत नाई. आणि कान फसवते. दात नाई फसवत. दात हाडाले लागून हाय."

मी एका तंत्रशाळेत शिकवत होतो म्हणून मला ते मास्तर म्हणत, पण बोलत 'अरे-तुरे'त. माझं लहानपण त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं होतं.

गल्लीत त्यांच्याबद्दल आदर होता तसं थोडं भयही होतं. चौकातल्या बाबूलालच्या पिठाच्या चक्कीवरून एकदा आम्ही दोघं चाललो होतो. मिस्त्री थबकले. मान आणखी कलली.

"बाबूलाल, पट्टा उतरव."

"काहून जी? चांगला तं चालून राहिला."

"चालून नाई राहिला. रडून राहिला."

दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाबूलालनं पट्टा उतरवला नाही. तिसऱ्या प्रहरी तो तुटला आणि त्याचा फटका बाबूलालच्या मेहुण्याच्या गालफडावर असा बसला की तो वण शेवटपर्यंत गेला नाही. त्यानंतर मिस्त्री लांबून येताना दिसले की बाबूलाल बाहेर येऊन हात जोडायचा. "काही बोलू नका जी. तुमची जीभ काळी हाय."

"जीभ काळी नाई बे," मिस्त्री म्हणायचे, "तुहे कान पांढरे हायेत, पिठानं."

पण काळ्या जिभेचं बोलणं त्यांच्यामागे लागलंच. कुणाच्या शिलाई मशीनजवळ ते थांबले तरी घरातली बाई हातचाक सोडून द्यायची.

त्यांच्या घरी एक वही होती. आवाजाची वही. गिरणीतल्या प्रत्येक यंत्राचा आवाज त्यांनी आपल्या अक्षरात, आपल्या बोलीत तिच्यात उतरवला होता. "तीन नंबरचा साचा: जुन्या पायजेबीवानी. तेल पाह्यजे." "पाण्याचा पंप: म्हातारा जेवताना करते तसा. कुठून तरी हवा जाऊन राहिली." एका पंख्यापुढे लिहिलं होतं, "शेजारच्या घरात भांडण हाय, शब्द समजत नाई. आठ दिवस." आठ दिवस म्हणजे तो पंखा अजून आठ दिवस चालणार होता. खाली निराळ्या शाईत फक्त एवढंच: "सहा."

निवृत्तीनंतर या वहीच्या आधारावर काही करावं असं त्यांच्या मनात आलं. यंत्र बिघडण्याआधी मालकाला सांगायचं, एवढाच धंदा. दुरुस्ती करायची नाही. "मोडल्यावर सगळेच बोलवते," ते म्हणायचे. "मेल्यावर डाक्टरले बोलवून काय फायदा? आणि जो सांगते त्यानं पाना हातात धरू नाई. नाईतर मंग थो आपल्या पोटाले लागन तेवढं मोडकं सांगते."

या धंद्याला सल्लागार म्हणतात हे त्यांना मी सांगितलं. तो शब्द त्यांना आवडला. सीताबर्डीच्या शंकर पेंटरकडे आम्ही पाटी रंगवायला टाकायला गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "सल्लागार म्हणजे वकील का जी?"

"वकील भांडण झाल्यावर. मी भांडणाच्या आंधी."

"सल्ला तं पानठेल्यावर फुकट भेटते, मिस्त्री."

"म्हणूनच त्याले वजन नसते. फुकटाचा सल्ला चुकला तं कोणी जबाबदार नाई. पैसे घेतले, सही केली, की चुकल्यावर आपली मान अडकते. मान अडकली पाह्यजे, तवाच माणूस नीट ऐकते."

शंकर हसला. मीही हसलो. पाटी झाली: 'ग. वि. सोनकुसरे, यंत्र-सल्लागार', निळ्यावर पांढरी अक्षरं. छापखान्यातून कागद आले. समोरची खोली झाडून तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. कौसाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, टेबलावर स्वतः विणलेलं कापड घातलं. ठरलं असं की ऐकायचं त्यांनी, आणि ते इंग्रजीत मांडायचं मी. कागद इंग्रजीत असला की मालक घाबरतो, असं त्यांचं मत होतं. माझी नोकरी सरकारी, म्हणून माझं नाव कुठेही येणार नव्हतं. जम बसला की मी राजीनामा देणार होतो. तोवर सही त्यांचीच.

या तयारीतली एक संध्याकाळ मला फार आठवते. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, तू मालक हो. त्या खुर्चीत बस." मी बसलो. ते उभे राहिले, टोपी नीट केली, आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. तीस वर्षं मालकासमोर "होते जी, करतो जी" म्हटलेला माणूस. शेवटी हळूच म्हणाले, "इंजन... जरा... बंद ठेवलं तं बरं होईन जी."

"नुकसान कोण भरून देईल?" मी मालकाच्या आवाजात दरडावलं.

आतून काकू म्हणाल्या, "घरात मले कधी आवाज चढवून 'बंद कर' म्हटलं नाई यायनं. मालकाले काय म्हणतीन!"

"थांब वं." त्यांनी पुन्हा टोपी नीट केली. "इंजन बंद करा."

"काय म्हणालात?"

"बंद करा. आज. आत्ता."

असं त्या संध्याकाळी वीस वेळा तरी झालं असेल. शेवटी त्यांचा आवाज स्थिर झाला आणि ते लहान पोरासारखे खूष झाले. तेव्हा मी त्यांना शहाणपण शिकवलं. म्हणालो, "मिस्त्री, सल्लागारानं जागेवर काही बोलायचं नसतं. तोंडी बोललं की ते कामगारांत पसरतं, मालक चिडतो. जे म्हणायचं ते कागदावर. विचारलं तर इतकंच सांगायचं, कागद येईल."

त्यांनी ते मनात दोनदा घोळवलं. "कागद येईल," म्हणाले. "हे बी बरं हाय. तोंडचं वाऱ्यावर जाते. कागद राहते."

पहिलं काम सावनेरकडच्या एका जिनिंगचं आलं. कापसाचा हंगाम भरात होता. बाहेर बैलगाड्यांची रांग, आत सरकी वेगळी करणारे रेचे धडधडत होते आणि ते सगळे एका जुन्या ऑइल इंजिनवर चालत. इंजिनाला पुरुषभर उंचीचं बिडाचं चाक. काही दिवसांपासून इंजिन हादरत होतं आणि 'काळजीचं कारण नाही' असा एक कागद मालकाला हवा होता.

इंजिनवर सुखदेव नावाचा ड्रायव्हर होता. चाळिशीचा, हसरा. इंजिनातलं गरम पाणी ज्या टाकीत पडायचं तिच्या काठावर तो आपला भाकरीचा डबा ठेवायचा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत भाकर ऊन राहते. आम्हालाही त्यानं आग्रह केला. मिस्त्रींनी आधी इंजिन थांबवायला लावलं आणि हातोडीनं चाकाचा एकेक आरा ठोकला. आठ आरे. सात देवळातल्या घंटेसारखे वाजले. आठवा, बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवावं आणि परत ठेवून द्यावं, तसा वाजला. त्यांनी तो तीनदा ठोकला. मग इंजिन सुरू करायला सांगितलं, धुऱ्याच्या आधारावर दांडा टेकवला, दुसरं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. त्यांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती. डोळे उघडले तेव्हा ते चाकाकडे पाहत नव्हते, सुखदेवकडे पाहत होते.

"काय म्हणते जी आमची म्हातारी?" सुखदेवनं विचारलं.

"कागद येईल."

"मले कुठं वाचता येते! तोंडानं सांगा नं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"कागद येईल," ते पुन्हा म्हणाले.

"बरं बाप्पा, येऊ द्या कागद. म्हातारी कुठं पळून चालली!" सुखदेव हसला आणि आमच्यासाठी चहा सांगायला गेला.

फाटकाशी मालकानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुम्ही शिकलेले मानसं. हंगाम हाय, जरा समजून लिवा. माह्या नात्यागोत्यात आखीन सहा जिनिंगा हायेत, सगळ्यायले तुमचंच नाव सांगतो." त्यानं मला पैसे देऊ केले नाहीत. दिले असते तर कदाचित मी सावध झालो असतो.

येताना बसमध्ये मिस्त्री खिडकीला डोकं टेकून बोलत होते आणि मी लिहून घेत होतो. "एक, चाकाच्या आऱ्यात चीर हाय, चाक फुटन. दोन, इंजन आजच्या आज बंद करा. तीन, चाक बदलल्याबिगर चालू करू नका." थोड्या वेळानं म्हणाले, "त्याले तोंडानं सांगतलं असतं तं..."

"उद्या कागद जातोच आहे," मी म्हणालो.

घरी येऊन टाइप करायला बसलो. चीर 'आहे' ऐवजी 'असावी' केली. चाक फुटेल हे 'लक्ष देणं इष्ट' झालं. बदलायचं ते 'हंगाम संपल्यावर सवडीनं'. आणि दुसरं वाक्य टाइप केलंच नाही. मनाशी म्हणालो, महिनाभराचा तर प्रश्न आहे. पहिल्याच गिऱ्हाइकाला बंद करा म्हटलं तर दुसरं येणार कसं? सकाळी मिस्त्रींनी विचारलं, मी लिहिलं म्हणालो, आणि त्यांनी टेबलावरच्या त्या विणलेल्या कापडावर कागद ठेवून जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

पुढचे दहा दिवस ते अस्वस्थ होते. मालकाच्या पत्राची वाट पाहत होते. "बंद केलं असन नं?" रोज विचारायचे. मी म्हणायचो, "केलंच असेल."

अकराव्या दिवशी सकाळी जिनिंगमधला एक माणूस सायकलनं आला. मिस्त्री ओट्यावर वही घेऊन बसले होते. त्यानं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी विचारलं, "चालू करताना का बंद करताना?"

"चालू करताना."

"सुखदेव?"

त्या माणसानं खाली पाहिलं. चाकाचा अर्धा भाग टिनाचं छत फाडून बाहेर कापसाच्या गंजीत पडला होता. अर्धा आत राहिला होता, सुखदेवजवळ.

चौकशी झाली. मालकानं कागद पुढे केला. त्यात थांबवा असं कुठेच नव्हतं, तेव्हा त्याला कोण काय म्हणणार? चौकशीला आलेल्या साहेबानं मिस्त्रींना एवढंच सुनावलं की यंत्राचं ज्ञान नसलेल्या माणसानं असले कागद देऊ नयेत, लोकांचे जीव जातात. माझं नाव निघालं नाही. मिस्त्रींनी काढलं नाही.

त्याच दिवशी ते कागदाची नक्कल घेऊन माझ्याकडे आले. बसले नाहीत. "वाच. जे लिवलं हाय थेच वाच. मराठीत."

मी वाचलं. ते मान कलवून ऐकत होते, यंत्राचं ऐकावं तसं.

"यात बंद करा कुठं हाय?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हेच ते, 'सवडीनं'. इंग्रजीत असंच लिहितात, मिस्त्री. सौम्य."

"म्हणजे इंग्रजीत बंद करा म्हणता येत नाई?"

"तसं... रीत नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग त्याची घडी घातली. "मंग माहीच चूक हाय. जी भाषा येत नाई तीत सही केली. आणि त्यानं तोंडानं इचारलं तं बोललो नाई." दाराशी जाऊन वळले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मास्तर."

'तुम्ही' म्हणाले. मी गल्लीत होतो तोवर पुन्हा 'तू' म्हणाले नाहीत.

पाटी त्यांनी स्वतः उतरवली. अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खाली करून. चक्कीवाला बाबूलाल लोकांना सांगत सुटला की काळ्या जिभेनं अखेर माणूस खाल्ला. मिस्त्रींनी ते ऐकलं, पण यावेळी उलटून काही बोलले नाहीत. दर भोगीला ते एसटीनं सावनेरकडे जात आणि सुखदेवच्या घरी काही देऊन येत, हे मला काकूंकडून कळलं. वर्षभरात मी धरमपेठेत खोली घेतली आणि गल्ली सोडली. नंतर इतवारीत खरेदीला जायचं असलं तरी गोळीबार चौक टाळून जायचो.

सतरा वर्षं गेली. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. सल्लागार म्हणून काम सुरू करायचं ठरवलं होतं. जागा घेतली, कागद छापले, सगळं तसंच, फक्त नाव माझं. पाटी टाकायला सीताबर्डीला गेलो तर शंकर पेंटर तोच, म्हातारा झालेला. मजकूर वाचून त्यानं चष्मा वर केला. "यंत्र-सल्लागार," तो म्हणाला. "ही पाटी मी आंधी एकदा केली हाय. तवा बी तुम्हीच संगं होते. थे मिस्त्री कुठं हायेत जी?"

मी पाटी न टाकताच निघालो आणि थेट जुन्या गल्लीत गेलो.

काकूंनी मला ओळखलं. "ऐकू येत नाई त्यायले आता," म्हणाल्या. "चार वर्षं झाली. ढोल वाजवा तरी नाई." मिस्त्री अंगणात खाटेवर बसले होते, पंचाहत्तरी पार केलेले. मान तशीच कललेली. टाकीवर ती पाटी होती, पाण्यानं फुगलेली, तिच्यावर काकूंनी सांडगे वाळत घातले होते. मी पायांना हात लावला. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"मास्तर? बसा."

मी बोलायला लागलो. त्यांनी कानाशी हात नेऊन नाही असा हलवला. मी खिशातून पेन काढलं, कागद शोधू लागलो. ते एकदम म्हणाले, "कागद नको."

मग खाटेखाली हात घालून त्यांनी दांडा काढला. तोच, खाचा पडलेला. एक टोक माझ्या गळ्याखाली, हाडावर टेकवलं. टोक बरोबर जागेवर बसलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बोल," ते म्हणाले. दुसरं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले.

मी म्हणालो, "मिस्त्री, इंग्रजीत बंद करा म्हणता येतं. दोन शब्दांत म्हणता येतं. तुम्ही सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. तुम्ही विचारलं, मी लिहिलं म्हणालो. सुखदेवला तुम्ही तोंडानं सांगणार होता, मी मान हलवून अडवलं. तुमचं ऐकणं चुकलं नव्हतं, सहीही चुकली नव्हती. तो माझ्यामुळे गेला. सतरा वर्षं तुम्ही माझं ओझं वाहिलंत. मला माफ करा."